उभं पीक

गोळीबार चौकातून आत, तिसरी गल्ली.
सायकल आडवी लावली
तर माणसाला तिरपं व्हावं लागतं, एवढं अंगण.
आणि त्यातही आमचा कूलर,
दिवाळी ते होळी पोतं पांघरून बसलेला,
ऊठ म्हणता येत नाही अशा पाहुण्यासारखा.

गेल्या मे महिन्यात त्याची मोटर जळाली.
कवडूनं पंखा काढून भंगारात दिला,
एकशे चाळीस आले, त्यातले वीस चहात गेले.
सांगाडाही तो देणारच होता.
मी म्हटलं, राहू दे.
"काय करून राहिली त्याचं?"
मलाही माहीत नव्हतं.

तीन बाजूंना तीन जाळ्या.
आतला वाळा काळा पडलेला,
चार उन्हाळ्यांचं खारं पाणी प्यालेला.
तो उपसला, आणि जाळीवर पोत्याचे खिसे शिवले.
खिसे मला कोणी शिकवायला नको.
बावीस वर्षं इतवारीच्या दुकानासाठी
पँटींचे खिसेच शिवते, जोडीला सात रुपये;
आत कोणाचा हात गेला, काय निघालं, मला काय ठाऊक.
हे अठ्ठेचाळीस तेवढे माझ्या हिशेबाचे.

माती उमरेडची, माहेराहून एसटीत आणलेली,
काळी, चिकट, धरलेलं पाणी न सोडणारी.
टेकडीच्या गणपतीपुढे फुटलेल्या नारळांच्या शेंड्या
कुटून तिच्यात मिसळल्या,
तेव्हा कुठे ती श्वास घेऊ लागली.

पंप जिता होता. तो दिवसभर चालवला,
वाटलं, पाजावं तेवढं थोडं.
आठव्या दिवशी मेथी पिवळी.
निखारेबाई भिंतीवरून म्हणाल्या,
"लेकरू आहे का ते, सारखं पाजून राहिली?"
मग सकाळी दहा मिनिटं, सांजेला दहा मिनिटं.
वरचा खिसा लवकर वाळतो, तिथे मिरची.
मधे मेथी, पालक.
तळाशी ओल थांबते, तिथे सांभार.
भिंतीकडच्या बाजूला ऊन नाही,
तिकडे पुदिना, त्याला कशाचीच पर्वा नाही.
बरबटीचा वेल निखारेबाईंच्या दोरीवर गेला
आणि शेंगा त्यांच्या झाल्या.

फार काही नाही हे.
पंधरा दिवसांत दोन जुड्या,
त्याही डाळ घातली तर चौघांना पुरतात.
पण वरण उतरवताना आठवायचं, सांभार राहिला,
आणि खिडकीतून नुसता हात बाहेर काढायचा.
ही श्रीमंती मला आधी ठाऊक नव्हती.

मग एप्रिल. पारा चव्वेचाळीसवर.
निशांत बुटीबोरीहून रात्रपाळी करून येतो,
दिवसा झोपतो, म्हणजे कूस बदलत राहतो.
एका सकाळी तो मोटर-पंखा घेऊनच आला, हप्त्यावर.
खिशांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
मी कात्री आणली.
माझेच टाके माझ्याच हातानं उसवत
उन्हाकडच्या दोन बाजू मोकळ्या केल्या,
त्यांत नवा वाळा भरला.
तिसरीला हात घातला तेव्हा तो म्हणाला,
"राहू दे नं, माय. दोनमधूनही येते हवा."

आता पंखा चालला की
भिंतीकडची सगळी पानं आत वळतात,
पुदिना, तळाचा थोडा सांभार,
खोलीकडे तोंड करून,
आत कोण झोपलंय ते पाहायला.
घराला दुपारभर पुदिन्याचा वास.
मेथी गेलीच. मेमध्ये तिचं काही खरं नसतं.

सांभार तोडायचा तर पंखा बंद करावा लागतो,
नाहीतर पानं हाती लागत नाहीत.
मी बटण दाबते.
आतून झोपेतच आवाज येतो,
"माय, लवकर तोड."