सावकाश चालल्यास दीड तास

ट्राममधून उतरलात की धक्क्यापासून सुरुवात करा.
डिसेंबर असेल तर टोपी हवी,
वारा असेल तर ती हातात धरा;
या किनाऱ्याने माझ्या तीन गिळल्यात.

पत्रक दुमडूनच ठेवा, उघडलंत की त्याचं शीड होतं.
मजकूर माझा. मर्ल ट्रेगेन्झा, सचिव,
स्थानिक इतिहास मंडळ. सभासद अकरा,
पैकी चौघांना आता ऐकू येत नाही,
त्यामुळे ठराव पटकन मंजूर होतात.

पहिला थांबा जकात कचेरी.
विटा विलायतेच्या, गलबताच्या पोटात
निव्वळ वजन म्हणून भरून आलेल्या.
जाताना गहू गेला, लोकर गेली; वजन इथेच राहिलं.
हल्ली आत योगासनं शिकवतात.
हळहळू नका,
पूर्वीही लोक तिथे श्वास रोखूनच उभे असत.

मग समुद्रस्नानाची जागा, चार खांब उरलेत.
बायकांची वेळ दहा ते बारा,
तेवढा वेळ पुरुषांनी वाळूच्या टेकाडावरून
पाठ करून जावं, असा नियम होता.
नियम होता.

तीन आणि चार ही दारूची दुकानं. वासावर जा.

पाचव्यावर खुशाल खा. स्टाव्रूला कोंडोयान्निस
न विचारता व्हिनेगर ओतेल, ओतू द्या.
तिचा सासरा जहाजावरून उडी टाकून
पोहत आला होता या देशात.
हे पत्रकात घाला, म्हणाली. मंडळ म्हणालं, पुरावा?
तिने माळ्यावरून बूट काढून आणले,
मिठाने पांढरे पडलेले.
मंडळ म्हणालं, बूट काय, कुणाचेही असतात.

सहा शोधू नका.
घर पाडलं, आकडा उरला;
पुढचे सगळे बदलायचे तर पितळ परवडत नाही.

सातव्याशी लोक सगळ्यात जास्त रेंगाळतात.
वरची गोल खिडकी दिसते ना,
कप्तानाची बायको रोज तिन्हीसांजेला
तिथे कंदील ठेवायची.
हे मी लिहिलं. ओळ बरी वाटली म्हणून.
मागाहून शिरगणतीचा कागद हाती लागला :
कप्तान, वय एकसष्ट, अविवाहित.
पुढच्या आवृत्तीत काढणारच होते,
तेवढ्यात घर विकलं गेलं.
नवे मालक दातांचे डॉक्टर, ओलाजिडे,
त्यांच्या धाकटीने पत्रक वाचलं
आणि आता रोज संध्याकाळी
त्या खिडकीत खरोखरच दिवा लागतो.
मासेमारीच्या होड्यासुद्धा तो धरून वळतात म्हणे.
मी कोणत्या तोंडाने काढू?

आठवा थांबा, टेकाडामागची विहीर.
छापलंय : गोड्या पाण्याचा शोध, १८५२.
आंटी लोरेन तिथे नातवंडांना घेऊन बसते,
तिचे लोक इथले, धक्क्याच्या, विटांच्या फार आधीचे.
तिने चष्मा लावून पाटी वाचली
आणि मला विचारलं,
‘त्याआधी हरवलं होतं का गं?’
त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून
दोनशे प्रतींतून मी ‘शोध’ खोडला.
तुमच्या प्रतीत राहिला असेल
तर पेन आहे ना खिशात?

पुढे पाइनची रांग. तिथून सगळा उतार.

वरती लिहिलेला दीड तास आम्ही दोघांनी मोजला होता,
क्लेमच्या गुडघ्यासकट.
तो प्रत्येक कठड्यावर टेकायचा
आणि म्हणायचा, हेही लिही, इथून बेट दिसतं.
परवा एकटीने चालून पाहिलं,
पन्नास मिनिटांत संपलं.
आकडा बदललेला नाही.
कठडे सोळा आहेत. बेट दिसतं
ते बाराव्यावरून, हवा स्वच्छ असेल तर.

स्वच्छतागृह डावीकडे.
परतीची बस दर वीस मिनिटांनी.
रविवारी नाही.