तिला पाडायचं होतं मला

मी मार्गो थिगपेनला मत दिलं नव्हतं.
आधी तेवढं लिहून घ्या.

गेल्या वर्षी माझ्या बोटीचं इंजिन गेलं,
चाळीस हॉर्सपॉवरचं, हप्ते फिटायचे होते अजून.
पोरगा सापडला. डेनीजचा धाकटा, कोल्बी, सतरा वर्षांचा.
इंजिन सापडलं नाही.
थिगपेनबाईंनी खटला भरला नाही.
म्हणाल्या, शनिवार-रविवार धक्क्यावर राबेल, पैसे फेडेल.
फेडले त्यानं. तीनशे दहा डॉलर.
मग यायचा थांबला.

मी तिच्या ऑफिसात जाऊन टेबलावर मूठ आपटली.
तिनं कॉफी पुढे सरकवली, गार झालेली.
"मिस्टर लेडबेटर, पुढच्या नोव्हेंबरात निवडणूक आहे.
तेव्हा करा माझा हिशेब."

करणारच होतो.
झिंग्यांच्या टाकीवर, गांडुळांच्या फ्रिजवर,
गल्ल्यावरसुद्धा
तिच्या विरोधातल्या माणसाचे स्टिकर लावून बसलो होतो.
गिऱ्हाईक आमिष न्यायला यायचं
आणि माझं भाषण ऐकून जायचं.

मग एका बुधवारी,
ओहोटी लागलेली, पेलिकन खांबांवर पेंगलेले,
रेडिओ म्हणाला, गव्हर्नरसाहेबांनी सही केली.
कर्तव्यात कसूर.
साडेसात पानांचा हुकूम,
त्यात आमच्या काउंटीचं नाव तीनदा,
त्यातलं एक चुकलेलं.
राजधानी इथून चार तासांवर. साहेब इकडे आले होते
ते वादळानंतर एकदा, रबरी बूट घालून, फोटोपुरते.

बर्निस कोर्टात स्टेनो आहे. ती सांगते,
दोन माणसं दाराशी उभी राहिली,
बाईंना फोनचा चार्जरही काढू दिला नाही भिंतीतून.
करड्या रंगाचा स्वेटर खुर्चीवरच राहिला.
"झालं ना तुझ्या मनासारखं?"

झालं होतं.
मी हसलोही, दुपारपर्यंत.
संध्याकाळी मासा साफ करताना हात थांबला.

एकोणीस हजार चारशे बारा तिला,
अठरा हजार नऊशे साठ दुसऱ्याला, त्यातलं एक माझं.
आकडे पाठ आहेत, हरलेल्याला असतातच.
अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये रांग होती,
बंब बाहेर उन्हात काढून ठेवलेला.
माझ्या मागे डेनीज. तेव्हा आमचं बरं होतं.
तिनं मला अर्धा सँडविच दिला आणि म्हणाली,
"तू कुणाला देणार ते ठाऊक आहे मला, मुडद्या.
मी तुझं मत खोडायलाच आलेय."
तिनं तिचं टाकलं, मी माझं.
आता दोन्ही एकाच केराच्या टोपलीत.

मी हरलो होतो, कबूल.
पण ते हरणं माझं होतं,
आणि पुढच्या वेळी जिंकणंही माझंच असतं.
तिला पाडायचं होतं मला.
मला. इथून. रांगेत उभं राहून.

सोमवारी नवा माणूस दुकानात आला.
बूट चकचकीत, नेमणुकीचं पत्र खिशात.
आधी विचारलं, इथे मासे काय लागतात.
मग म्हणाला, कोल्बीची फाइल पुन्हा उघडतोय,
तुमची एक सही हवी.
वर्षभर हेच मागत होतो मी.
पेनही त्यानंच पुढे केलं.

म्हणणार होतो, नोव्हेंबरात बघू तुमचं.
पण त्याला नोव्हेंबर कुठे होता?
त्याला फक्त साहेब होते.

"हात आमिषाचे आहेत," मी म्हटलं,
"कागद खराब होईल."
तो थांबला. मी हात धुतले नाहीत.
टाकीतला पंप घरघरत राहिला,
झिंगे काचेवर आपटत राहिले,
आणि गल्ल्यावरचा तो स्टिकर
मी नखानं खरवडायला घेतला.
अर्धाच निघाला.