कूलरचं पाणी

ओबेदसाठी मी सव्वीस वर्षं प्रार्थना केली.
म्हणजे तक्रारच केली,
शेवटी आमेन लावून.

प्रभू, माझ्या भावाला थोडी वाचा दे.
प्रभू, ह्याची जीभ जरा आवर.
दोन्ही मागण्या कधीकधी एकाच आठवड्यात.
आई मेयोत शेवटच्या खाटेवर होती
तेव्हा हा कामठीला ट्रक मोजत बसला होता,
ते विसरू नकोस.
बाबांची पेटी ह्यानं अठराशेला विकली,
मला न विचारता,
तेही लिहून ठेव.

मी ए.जी. ऑफिसात ऑडिटला होते.
चुका शोधायचा पगार मिळायचा मला.
घरी तेच काम फुकट करायचे.

यंदा उपवासकाळात शिरसाट पाळक म्हणाले,
मटण सोडू नका, चहा सोडू नका,
घरातल्या एका माणसाबद्दल
रोज एक चांगली ओळ देवाला सांगा.
पहिल्या बाकावरच्या प्रफुल्लाबाई हसल्या.
मटण सोडणं किती सोपं होतं.

पहिल्या रात्री गुडघे टेकले.
ओबेद शर्टाला इस्त्री छान करतो.
देव काही बोलला नाही,
मलाच ओशाळल्यासारखं झालं.
दुसऱ्या रात्री : तो व्याजानं पैसे देत नाही.
तिसऱ्या रात्री : तो अजून आहे.
चौथ्या रात्री ओळ उधार ठेवली,
आणि मग उधारी वाढतच गेली.
पुनरुत्थानाचा रविवार झाला,
अंडी रंगवून झाली, केक संपला,
खात्यात तीनच ओळी.

मग नवतपा लागला.
मेकोसाबागेतल्या भिंती रात्रीही तव्यासारख्या.
एका पहाटे, पावणेचारला,
का कोण जाणे, डोळा उघडला.
खिडकीपलीकडे कुणीतरी होतं.

ओबेद. लुंगी गुडघ्यावर खोचलेली,
पायाखाली बाबांचा रेल्वेतला लोखंडी स्टूल.
नळ आलेला होता.
पाइप माझ्या कूलरच्या टाकीत सोडून
धारेखाली त्यानं तळहात धरला होता,
पाणी पत्र्यावर वाजू नये म्हणून.

मी हलले नाही.
टाकी भरली. तो उतरला, पाइप ओढत गेला
पोरांच्या खोलीकडे,
मग वरच्या भाडेकरूकडे, ज्याच्याशी तो बोलत नाही.
स्वतःच्या खिडकीशी पोचला
तेव्हा नळ खोकायला लागला होता.
अर्धी बादली मिळाली. तेवढीच ओतली.

टाकी सहा तासांत कोरडी होते,
हे मला ठाऊक होतं.
तरी सकाळपर्यंत वाळा ओला कसा,
हा प्रश्न मी एकाही उन्हाळ्यात विचारला नाही.
इतकी मोठी नोंद सुटली, आणि मी ऑडिटची.
त्याच गार वाऱ्यात गुडघे टेकून
मी देवाला सांगत होते,
ह्याला माणसांची पर्वा नाही.

सकाळी तो बशीतून चहा ओढत होता,
गल्लीभर ऐकू जाईल असा.
"काहून पाहून राहिली वो?"
"काही नाही."
नऊ वाजेपर्यंत वीजबिलावरून आमचं वाजलंही.

पेटी काही परत आलेली नाही.
आईचं मी अजून विचारलेलं नाही,
ते दुखतं, आणि देवालाही माहीत आहे की दुखतं.

पण आता पावणेचारच्या सुमारास मला जाग येते.
उठत नाही. पडून असते,
आवाज न करता चढणारं पाणी ऐकत.
ह्यात शब्द कुठून घालायचे कळत नाही,
म्हणून घालत नाही.

परवा पाइप निसटला,
अख्खी धार त्याच्या तोंडावर.
त्यानं दबक्या आवाजात एक कचकचीत शिवी हासडली,
आणि मी उशीत तोंड खुपसून, हसत,
म्हटलं : आमेन.