दाराआडची भिंत

म्हैसमाळच्या खोलीचा सौदा ठरला
तेव्हा बाहेती सीए म्हणाले, काकू,
आधी सांगा, विकताय काय?
जमीन कडूबा गायकेची,
एकोणतीस वर्षांच्या पट्ट्यानं घेतलेली,
त्यातली अठरा सरली.
म्हणजे विकायची ती उरलेली अकरा वर्षं,
वरचे पत्रे, दोन खिडक्या
आणि दरीकडं तोंड केलेला ओटा.

श्रावणात धुकं घरात येऊन बसायचं, त्याचं?
हसले. त्यावर कर नाही.
कर नफ्यावर. आलेल्यातून घातलेलं वजा.
घातलेल्याच्या पावत्या आणा.

पावत्या कुठल्या!
अय्युब मिस्त्री दाराआडच्या भिंतीवर
चपट्या पेन्सिलीनं मांडायचा सगळं:
वाळू तीन ब्रास, सिमिट साठ पोती,
खुलताबादहून ट्रॅक्टर, दोन खेपा,
खाली रेघ, रेघेखाली ह्यांची सही.
दर शनिवारी दोघं भिंतीसमोर उभे,
हिशेब कमी, चहा जास्त.

फोटो चालेल, बाहेती म्हणाले.
दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वर गेले.
दार ओढलं.
भिंत पांढरीफेक.

गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून
मीच फोन केला होता कडूबाला,
सगळीकडं एक हात मार.
लोक दुसऱ्याला चुना लावतात.

नखानं खरवडलं.
एक 'पोती' निघालं,
आकडा नाही.
सही कुठं होती, तेही हाताला आठवेना.

मागून कडूबा आला, टोपी काढून उभा राहिला.
चुन्याचे साडेचारशे झाले, काकू.
पावती देऊ?