संदर्भचिठ्ठी

चिठ्ठीत मी सगळं लिहिलं होतं.
वय तेवीस. वजन त्रेपन्न, दोन महिन्यांत नऊ किलो उतरलेलं.
मानेतली गाठ सुपारीएवढी, काखेतली त्याहून मोठी.
रात्रीचा घाम. रक्ताचे आकडे.
खाली सही, शिक्का, मालवण,
आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांना 'सस्नेह'.

लौकिक कुबल समोर बसला होता,
हातांना बांगड्यांचा वास.
आई दारातच उभी, आत या म्हटलं तरी.
"डॉक्टरानू, झील वाचतलो मां?"
मी म्हणालो, वाचेल.
तेवढं मला पक्कं ठाऊक होतं.

एक वाक्य राहिलं.
विसरलो असंही म्हणता येत नाही,
विसरायला आधी आठवावं लागतं.
परीक्षेला न येणाऱ्या कुठल्याशा पानावर
वाचलं असेन कधीतरी:
पहिली सलाइन लागायच्या आधी,
दोन दिवसांत, एका डबीत.
पण आई दारात होती,
मुलगा बिनलग्नाचा,
साडेअकराची एसटी गाठायची होती,
आणि तो शब्द मालवणीत कसा उच्चारायचा
हे वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये
मला कोणी विचारलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे गुरांचा सरकारी दवाखाना.
तिथे एका टाकीत
धुरकट थंडीत बुडवून ठेवलेल्या नळ्या,
प्रत्येकीवर वळूचा नंबर, तारीख.
टाकीतला नायट्रोजन उतरला
की शिपाई धावत फोन करायला जातो.
वळू मेला, तरी त्याची वासरं जन्मतात
कट्ट्याच्या, चौक्याच्या गोठ्यांत.
त्या दारावरून मी रोज चहाला जायचो.

लौकिक वाचला.
केस परत आले, आधीपेक्षा कुरळे.
पुन्हा होडीवर गेला.
लग्नात त्याच्या आईने मला पहिल्या पंगतीला बसवून
सोलकढी स्वतः वाढली,
वाटी रिकामी होऊच देईना.

मग दोन वर्षांनी ते दोघं आले,
तो आणि रसिका.
रिपोर्टवर एकच आकडा.
शून्य.
"तुमका तेवा म्हायत होता?"
आवाज चढवला नाही त्याने.
हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर तेही.
रसिका भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती.
त्यातलं गुटगुटीत बाळ मी रात्री खाली उतरवलं.
सकाळी परत लावलं.
बाकीच्या आयांनी काय केलं होतं?

त्याच पावसाळ्यात कणकवलीला डॉक्टरांची सभा.
पुण्याहून आलेल्या बाईंनी विचारलं,
"कॅन्सरच्या तरुण पेशंटला पाठवण्याआधी
याबद्दल किती जण बोलता?"
चाळीस खुर्च्या.
तीन हात वर,
त्यातला एक चहावाल्याला बोलावणारा.
आम्ही हसलो.
मीही.

आज समोर सतरा वर्षांचा पोरगा आहे.
चपलेला ओली रेती.
बापाला मी मुद्दाम औषधाच्या दुकानात धाडलंय.
चिठ्ठीत ते वाक्य आता सगळ्यात वर,
गाठीच्याही आधी.
पण ते तोंडाने सांगायचं,
तर माझी जीभ अजून टाळ्याला लागते.
"बघ, फुडे कधी तुका पोरां व्हयी झाली, तर..."
तो कानापर्यंत लाल.
पंख्याकडे बघतो.
"दुखता?"
"नाय."
"खर्च?"
सांगितला. वर्षाचं भाडंही सांगितलं.
तो गप्प.
पडद्यापलीकडे बाकावर
त्याला घेऊन आलेला माणूस बसलाय,
त्याच्याच होडीवर हा पोरगा खलाशी.
मी त्याला आत बोलावलं नव्हतं.
त्याची बाहेरूनच हाक आली:
"ता मी बघतंय.
तुमी चिठ्ठी लिवा, डॉक्टरानू."