उसण

भट्टीत वाकताना नाही भरली.
सव्वीस वर्षं रोज पहाटे
आडात डोकवावं तसा मी कमरेपर्यंत आत जातो,
एक पाय जमिनीवर, एक हवेत,
लांबट ओली शोती तापल्या भिंतीला थापतो
आणि भुवया जळायच्या आत बाहेर येतो.
कुताइसीतल्या आमच्या गल्लीने
माझं तोंड कमी, पाठच जास्त पाहिली असेल.

भरली ती मांजराची बशी उचलताना.
रिकामी बशी.
आत कुणीतरी ओला पंचा पिळला
आणि मी तिथेच, ओणवा,
ना वर, ना खाली.
मांजर बघून गेलं.

दारेजान म्हणाली, हलू नकोस.
सांगायची गरज नव्हती.

दुपारभर फरशीवर.
जेवणाच्या टेबलाच्या पोटाला
सुताराने खडूने लिहिलेला आकडा: सत्तेचाळीस.
लग्नापासून जेवतोय ह्यावर,
त्याच्याआधी सेहेचाळीस झाली, हे आज कळलं.

डॉक्टर नेस्तान बोटांनी चाचपत म्हणाल्या,
फाटलं नाही काही, स्नायू ताणलाय.
लोळत राहू नका. थोडं चाला, थांबा, पुन्हा चाला.
किती दिवस?
कणीक फुगायला किती वेळ लागतो?
हवेवर आहे ते, मी म्हणालो.
मग हेही तसंच, म्हणाल्या, आणि पैसे घेतले.

शेजारचा इपोलिते घरची द्राक्षाची दारू घेऊन आला.
अर्धी पाठीला, अर्धी पोटाला, असं औषध.
पाठ माझी होती
म्हणून पोट त्याने स्वतःचं वापरलं.

दुकानात भाचा लाशा, एकोणीस वर्षांचा,
विस्तवाला बिचकतो.
शोत्या निखाऱ्यांत पडल्याचा वास
खिडकीतून माझ्यापर्यंत यायचा.
एक, दोन. मोजायचो.
सातव्या दिवशी वास आला नाही
आणि मला बरं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी अक्रोडाच्या झाडापर्यंत.
सहाव्या दिवशी शिंक:
शिंक येतेय म्हटल्यावर आधी भिंत शोधायची,
मग देव.
मोजे अजून लांबच होते,
दुसऱ्या गावाला असावेत इतके.

आणि उठणं.
त्या सकाळी ती दारात पीठ चाळत होती,
वर न बघता म्हणाली,
कुशीवर हो. गुडघे पुढे घे.
पाय खाली सोड, त्याच वेळी कोपरावर जोर.
श्वास धरून ठेवू नकोस.
पाठ असल्यासारखं, अडखळली नाही कुठे.
मी उठून बसलो.
कुणी शिकवलं तुला?

पोत्याने, ती म्हणाली.
तुझ्या आईचा चाळिसावा दिवस होता, तीनशे शोत्या.
अकरा वर्षं होतील.

सांगितलं नाहीस ते?

सांगितलं.
तू भट्टीत होतास.

चाळण चालूच होती.
मांजर येऊन बशीशी बसलं.
उसण.
कुणाकडून तरी उसनी घेतलेली कळ
परत करायची राहून गेली असावी,
आणि आता वसुलीला आलेली, तीही माझ्याकडे,
बशीच्या निमित्ताने.

रात्री ती तव्यावर मीठ तापवते,
जुन्या मोज्यात भरते.
आधी तुझी पाठ, मी म्हणतो.
माझी सवयीची आहे, ती म्हणते, पालथा हो.
एक दिवस भांडून मोजा थंड झाला.
पोतं आता दोघं धरून उचलतो,
लाशा एका टोकाला, मी एका,
ती शिव्या घालते, की ह्या वेगाने संध्याकाळ होईल.

काल बावीस दिवसांनी वाकलो.
पूर्ण नाही. गुडघे मोडून, नवशिक्यासारखा.
एक शोती थापली. कडेला थोडी सुटली, पण राहिली.
आतमध्ये ऐकू येत नाही, हे खरं आहे,
विस्तव फार मोठ्याने बोलतो.
बाहेर आलो, सावकाश, कमरेवर हात ठेवून,
आणि वळून विचारलं,
काही म्हणालीस?

काही नाही, ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.