नमुना वीट

तीन मिनिटं, मग घंटा.
ईरण्णाच्या पिशवीत वीट:
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची जळकी वाळू,
थोडं सिमेंट, आणि भरमूमामाचा अंदाज,
जो एक्सेलमध्ये काही केल्या बसेना.

भांडलो मराठीत, समेट कन्नडात,
स्लाइड इंग्रजीत.
आकडे मात्र ज्याचे त्यानं
आपापल्या आईच्या भाषेत पुटपुटले.
विटेमागे दोन रुपये दहा पैसे,
दोन्हीकडून तेवढेच आले.

परीक्षक बेंगळूरचे. "स्केल होईल का?"
शैलजा म्हणाली, "होणारच, सर."
मी म्हणालो, "टेम्पो मिळाला तर."
हॉल हसला.
मार्क तिथंच गेले, असं ती अजून म्हणते.

बक्षीस कुठल्याशा डिलिव्हरी ॲपला.
आम्हाला प्रमाणपत्र,
त्यात हलगेकरचं हळगीकर.

हायवेवरच्या स्टॉपवर ईरण्णाला
पिशवी हलकी लागली.
परत गेलो तर शिपाई
हॉलच्या दाराला आमची वीट लावून
खुर्च्या बाहेर काढत होता.
"तुमची काय वो? न्या की मग."

वारा होता. टेकाडावर असतोच.
"इरली," म्हणाला ईरण्णा,
राहू दे,
आणि निघता निघता
दार एकदा जोरात ढकलून बघितलं.